पटावरची लढाई आणि पंचाचा फासा

बुद्धिबळाचा डाव रंगात यावा आणि समोरच्याने ‘आमच्याकडे असं नसतं हो’ म्हणून हात धरावा, हा अनुभव आपल्या मंडळींना नवा नाही. कोणाचे प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाते, कोणाचे एकच. शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याचा आज सर्रास वजीर होतो. जुन्या देशी पद्धतीत ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच होई. भांडण होते, चहा येतो, पट आवरला जातो. बिघडत काही नाही. पण खेळच जर लष्कराच्या शिक्षणासाठी असेल तर?

प्रशियात असा एक खेळ होता. ‘क्रीगस्पील’, म्हणजे शब्दशः युद्धखेळ. तोफखान्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटाने १८२४ साली त्याचे नियम छापले. पूर्वीचे असले खेळ बुद्धिबळाच्या घरांत अडकलेले. इथे घरे गेली आणि मोजून काढलेला नकाशा आला. एक खेप म्हणजे दोन मिनिटे. तेवढ्या वेळात पलटण जितकी चालेल, तितकीच सोंगटी सरकायची. शत्रू नजरेच्या टप्प्यात नसेल, तर त्याची सोंगटीही नकाशावर नाही! गोळीबारात किती पडले, ते पंचाने फासा टाकून आणि कोष्टक पाहून सांगायचे.

१८२७ मध्ये राइसविट्झने आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या अधिकाऱ्यांनी नियमांना पुरवणी जोडली, आणि दुरुस्त्यांची रांग लागली. त्यांत निव्वळ हौस नव्हती. मूळ कोष्टके तोंडाकडून भरायच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकांची. प्रशियन शिपायाच्या हाती मागून भरायची ड्रायझे बंदूक आली, तेव्हा जुने आकडे खोटे ठरले. शेवटी १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा ह्या सेनाधिकाऱ्याने कोष्टके आणि फासे दोन्ही बाजूला सारले: अनुभवी पंच म्हणेल तो निकाल. खेळ सुटसुटीत झाला खरा. पण मला हा इलाज रोगापेक्षा भयंकर वाटतो. फाशाला वरिष्ठ नसतो, पंचाला असतो.

जपानी आरमाराने मे १९४२ मध्ये मिडवेची मोहीम ‘यामातो’ युद्धनौकेवर अशीच पटावर खेळून पाहिली. पंच ओकुमिया ह्यांनी ती हकीकत फुचिदांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात दिली आहे. फासा पडला, नऊ बाँब लागले, ‘अकागी’ आणि ‘कागा’ ह्या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या. खेळाचे सूत्रधार उगाकी ह्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवली: नऊ नव्हे, तीनच. ‘अकागी’ वाचली. ‘कागा’ बुडाली, पण खेळाच्या पुढच्या टप्प्यात तीही पटावर पुन्हा तरंगू लागली.

४ जूनला मिडवेपाशी अमेरिकन विमानांनी दोघींना गाठले. ‘कागा’ त्याच संध्याकाळी बुडाली. ‘अकागी’ रात्रभर जळत राहिली. पहाटे जपान्यांनीच पाणतीर मारून तिला तळाशी धाडले.