दुधाचा हिशेब आईलाच का?

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके दुधाचे. पहाटे गावोगावच्या संकलन केंद्रांवर किटल्या येतात, फॅट तपासली जाते. फॅट कमी लागली तर शेतकरी गाईला दोष देत नाही. चारा बदलतो, पेंड वाढवतो, जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. बाळंतिणीला दूध कमी आले की मात्र आमच्या घरांत तिच्यावरच खटला उभा राहतो. नजर लागली, मन लावून पाजत नाही, शिकलेल्या बायकांना दूध उतरतच नाही! हे शेवटचे वाक्य आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षिकांसाठी राखून ठेवलेले असते. आणि त्याच घरात रात्री म्हशीच्या दुधात पाणी घालून बाटली भरली जाते, शेजारणीला सांगितले जाते की बाळ अंगावरच पिते.

दोन वर्षे पाजलेच पाहिजे, डबा म्हणजे गुनाह, असे ठणकावणाऱ्या बुजुर्गांनी सूरह बकराची 233 वी आयत पुरती वाचावी. दोन वर्षांची मुदत तिथे आहे, पण ती ज्यांना पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी. आई-बापांनी आपसांत सल्लामसलत करून आधी दूध तोडले तर गुनाह नाही. दुसरीकडून पाजून घेतले तरी नाही. कुणावरही ताकदीपेक्षा जास्त बोजा नाही. आणि आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, हेही त्याच आयतीत आहे. दूध का नाही म्हणून विचारणारे किती जण सुनेच्या ताटात काय वाढले ते विचारतात? खुद्द पैगंबरसाहेबांना (स.) हलीमा सादिया यांनी पाजले. म्हणून हजरत आमिना यांना कुणी नाव ठेवल्याचे आम्ही वाचलेले नाही.

आता दवाखान्याकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसली, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे 41.8 टक्केच. मधली बाळे कुठे गेली? सिझर झाले, बाळ दुसऱ्या खोलीत नेले, कुणी मध चाटवला, कुणी चीक 'खराब' म्हणून पिळून टाकला. (तहनीकच्या नावाने मध देणाऱ्यांनी ऐकावे: वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.) दूध रिकामे होईल तसे नवे तयार होते. पहिले चार दिवस बाळ लागलेच नाही तर दूध वाढणार कसे? भिंतीवर 'आईचे दूध अमृत' असा फलक लावून ते होत नाही. बाळाने नुसते बोंडूक नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला पाहिजे, हे बाजूला बसून दाखवणारी सिस्टर हवी.

तेवढे करूनही काहींना दूध पुरत नाही. थायरॉइड, बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, अडकून राहिलेला वारेचा तुकडा, अपुऱ्या दिवसांचे अशक्त बाळ. कारणे शरीराची आहेत, इमानाची नव्हेत. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसाला सहा-सात लंगोट ओले केले नाहीत, दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून आले नाही, तर हरीरा आणि अळिवाच्या लाडवांची वाट पाहू नये. बाळाला डॉक्टरांकडे न्यावे आणि गरज असेल तर पावडरीचे दूध द्यावे. उजळ माथ्याने द्यावे.

लपवून दिले की चुकीचे दिले जाते. डबा महाग, म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक. बाळाचे पोट पाण्याने भरते, वजन वाढत नाही, आणि पुन्हा दोष आईच्या नजरेला! माप डब्यावर लिहिलेलेच हवे, चमचा सपाट, पाणी उकळलेले. बाटलीऐवजी वाटी-चमचा बरा, तो घासता येतो. आधी अंगावर घ्यावे, मग वरचे द्यावे, म्हणजे आहे ते दूध आटत नाही. सहा महिन्यांच्या आत गाई-म्हशीचे दूध नको; त्यातले क्षार आणि प्रथिने बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, लोह मात्र पुरत नाही.

आम्ही डबेवाल्यांचे वकील नाही. 1992 च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात आणि फुकट नमुने बंद केले, ते योग्यच झाले. पण जाहिरात बंद करणे म्हणजे माहिती बंद करणे नव्हे. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 मध्ये मातृदुग्धपेढी निघाली. तिथेही आमच्या घरांना रजाअतचा प्रश्न पडतो, कोणाचे दूध, कोण दूधभाऊ? जेद्द्याच्या फिकह अकादमीने 1985 मध्ये अशा पेढ्यांना नकार दिला, शेख करदावींसारख्यांनी परवानगी दिली. उलेमांनी वाद जरूर घालावा, तोवर बाळ उपाशी ठेवू नये.

आणि संस्थाचालक! 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा झाली. विनाअनुदानित वर्गांवर, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या किती बहिणींना ती दिली, ते त्यांनी पुढच्या मीलादच्या जलशात माइकवरून सांगावे. चिल्ला संपताच फळ्यापुढे उभी राहणारी बाई दूध पिळायला कुठे जाणार? स्टाफरूमला कडी लावा, एवढी तरी मागणी आम्ही या पानांवरून करतो.