अश्वशक्ती आणि अश्वविद्या

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ज्याने ताकदवान स्पोर्ट्स कार विकत घेतली आहे, त्याच्या वाट्याला वर्षातले जेमतेम चार महिने येतात. जून ते सप्टेंबर पाऊस आणि खड्डे, ऑक्टोबरात खड्डे बुजवण्याची कामे, मार्चनंतर उन्हाचा तडाखा. उरतो तो हिवाळा. युरोपात नेमके उलटे असते. बर्फाच्या आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या भीतीने तिथे अशा गाड्या हिवाळ्यात झाकून ठेवतात. जर्मनीत तर वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतीच गाडीची नोंदणी करण्याची सोय आहे. आमच्याकडे डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी सकाळी घोडबंदर रस्त्यावर किंवा शिळफाट्याच्या वाटेवर जमिनीला टेकल्यासारखी एखादी लाल-पिवळी मोटार दिसते. ती बहुधा कोंडीत उभी असते. गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर असावी असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. या गाड्यांचे पोट जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर असते आणि आमच्या गल्ल्यांतले गतिरोधक मानक वाचून बांधलेले नसतात.

मग अशी गाडी घ्यायचीच कशाला, हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये हमखास येतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : चंगळवाद. मराठी वाचणाऱ्या-शिकवणाऱ्या वर्गाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या एका शब्दावर फार मोठे ओझे टाकले आहे. एखादी वस्तू महाग आहे आणि ती दुसऱ्याने घेतली आहे, एवढे समजले की आमचा विचार थांबतो. आम्ही या उत्तराशी सहमत नाही. सुंदर यंत्राची ओढ ही काही हीन वासना नव्हे. ज्याला वीणेच्या भोपळ्याचा घाट मोहात पाडतो, त्याला मोटारीच्या पाठीची वक्ररेषा मोहात पाडू नये, असा नियम सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

मराठी समाजाला सर्वाधिक ठाऊक असलेली स्पोर्ट्स कार कोणाच्या घरी आली, हे यासंदर्भात आठवून पाहावे. कवी आणि कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक असलेल्या रमेश तेंडुलकरांच्या मुलाकडे ती आली. हा मुलगा वांद्र्याच्या साहित्य सहवासात, म्हणजे लेखकांच्या वसाहतीत वाढला. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. पुढच्या वर्षी तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला, अखेर शुल्क भेट देणाऱ्या कंपनीच्या बाजूने भरले गेले आणि २०११ च्या सुमारास ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. या साऱ्या चर्चेत पैसा होता, नीती होती, देशप्रेमही होते. मात्र सचिनची पहिली गाडी होती मारुती ८०० : चाळीसहून कमी अश्वशक्तीची. ही नवी गाडी होती सुमारे चारशे अश्वशक्तीची. एका यंत्राकडून दहापट ताकदीच्या यंत्राकडे जाताना माणसाला काय शिकावे लागते, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. त्याच्या बाबतीत तो विचारण्याची गरज नसेलही. परंतु समाज म्हणून आपण तो कोणालाच विचारत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला मात्र पडला होता. महाभारताच्या वनपर्वातले नलोपाख्यान आम्ही वर्गात शिकवतो ते दमयंतीसाठी, हंसासाठी, फार तर नियतीसाठी. त्यात वेगाविषयीचे एक संपूर्ण शास्त्र आहे, याकडे आमचेही लक्ष उशिरा गेले. राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते आणि एका दिवसात विदर्भातले कुंडिनपूर गाठायचे असते. बाहुक तबेल्यात जाऊन दिसायला कृश असे घोडे निवडतो. राजा नाराज होतो. बाहुक त्याला घोड्यांच्या अंगावरचे भोवरे दाखवतो, त्यांची जात सांगतो. रथात राजा चढताच घोडे गुडघ्यांवर येतात. बाहुक त्यांना चाबूक मारत नाही, चुचकारून उठवतो. मग रथ असा धावतो की राजाचे उत्तरीय पडते आणि ‘थांब, ते घेऊ’ असे तो म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेले असते.

ऋतुपर्णाकडेही एक विद्या आहे. वाटेतल्या बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे तो एका दृष्टिक्षेपात मोजतो. बाहुकाला ही विद्या हवी असते, राजाला घोड्यांची विद्या. सौदा ठरतो. पण इथे व्यासांनी एक बारीक जागा ठेवली आहे. राजा आपली अक्षविद्या लगेच देऊन टाकतो, अश्वविद्या मात्र ‘तूर्त तुझ्याजवळच ठेव म्हणून राहू दे’ असे म्हणतो. आकडे रस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभ्या उभ्या देता येतात. घोडा समजण्याची विद्या तशी देता येत नाही. तिला वेळ लागतो. ऋतुपर्णाला ती मिळते ती प्रवास संपल्यावर, कथेच्या शेवटी.

आजच्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात ऋतुपर्णाची विद्या उदंड आहे आणि बाहुकाची जवळजवळ नाही. आमचा एक माजी विद्यार्थी, आता उद्योजक, दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आपली नवी गाडी दाखवायला महाविद्यालयात आला होता. ‘सर, शून्य ते शंभर, साडेतीन सेकंदांत!’ हे त्याचे पहिले वाक्य. मग अश्वशक्ती, कमाल वेग, चाकांचा आकार, किंमत. मुलगा गुणी, नम्र, वाकून नमस्कार करणारा. गाडी थांबायला किती अंतर घेते, असे आमच्यापैकी एकीने विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘मॅडम, ते कोणी सांगितलंच नाही.’ यात त्याचा दोष फारसा नाही. अश्वशक्ती हे मापच मुळी अठराव्या शतकात जेम्स वॅटने आपली वाफेची यंत्रे खपवताना ग्राहकाला समजावे म्हणून वापरात आणले. त्यात घोडा आहे, पण तो विक्रेत्याचा घोडा आहे.

हिवाळ्यातल्या एका साध्या सहलीचा विचार करू. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातले गाव, म्हणजे कल्याण-ठाण्याच्या अगदी उंबरठ्यावर. नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता अमरावती जिल्ह्यातूनही जातो आणि दमयंतीचे कुंडिनपूर म्हणून ओळखले जाणारे कौंडण्यपूर त्याच जिल्ह्यात आहे. बाहुकाची नव्हे, पण ऋतुपर्णाची हौस भागवणारा रस्ता असा आमच्या दाराशी आला आहे. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात १००. ताशी १२० म्हणजे सेकंदाला तेहेतीस मीटर. समोरचे दृश्य डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, तेवढ्यात गाडी चाळीस-पन्नास मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. पुढे थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट, तर अंतर चौपट.

त्यात हिवाळा. ठाण्यातून निघताना पहाटेची हवा नुसती सुखद असते. घाट चढून इगतपुरीच्या पुढे गेले की धुके लागते आणि नाशिक-निफाडच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत पारा एक आकडी होतो. स्पोर्ट्स कारचे रुंद टायर ज्या रबराचे असतात ते साधारण सात अंशांच्या खाली ताठर होते आणि रस्त्यावरची पकड सुटू लागते. गाडी तीच, चालक तोच, रस्ता कोरडा. तरी घोडा वेगळा झालेला असतो. ज्याला हे ठाऊक आहे तो पहिले काही किलोमीटर हळू जातो, पायाखालून काय कळते आहे याकडे लक्ष देतो. अश्वविद्या म्हणतात ती हीच.

आणि आपला परवाना? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली हलक्या मोटार वाहनाचा परवाना एकच. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या आरटीओत छोट्या शिकाऊ गाडीवर परीक्षा दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सहाशे अश्वशक्तीची गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणू शकतो. इटलीत नवख्या चालकाने किती ताकदीची गाडी चालवावी यावर मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियासारख्या राज्यातही आहे. आपल्याकडे ताकदीच्या पायऱ्या केवळ किमतीत असतात.

यावर एक आक्षेप आम्हांला अपेक्षित आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत स्पोर्ट्स कारने मेलेली किती? नगण्यच. मरतात ते दुचाकीवाले आणि पादचारी, मग मूठभर गाड्यांची चिंता कशाला? आक्षेप रास्त आहे. पण त्याच सरकारी अहवालात सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. वेगाविषयीचे आपले अज्ञान सर्व गाड्यांत सारखेच पसरलेले आहे, स्पोर्ट्स कारमध्ये ते फक्त भिंगाखाली दिसते.

ते सर्वांत भयंकर दिसले १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्याच्या कल्याणीनगरात. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शेच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. कोटीच्या पुढच्या किमतीच्या त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे अपुरी होती, असे परिवहन खात्याने सांगितले. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. बालन्याय मंडळाने जामिनासाठी जी अट घातली ती मात्र आमच्या व्यवसायाशी निगडित होती : अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध. लोक संतापले आणि ते योग्यच होते. दोन जिवांच्या मोलाने तीनशे शब्द ही क्रूर थट्टा वाटली. तो आदेश पुढे बदललाही गेला.

पण भाषेच्या शिक्षकांनी त्या संतापात सामील होऊन मोकळे होता येत नाही. तो निबंध हास्यास्पद का वाटला? कारण त्या निबंधात काय असते ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ‘मी पाहिलेला अपघात’ हा आपल्या शाळांतला जुना विषय. त्यात लेखक नेहमी रस्त्याच्या कडेला उभा असतो. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज येतो, गर्दी जमते, रुग्णवाहिका येते, लेखकाला रात्री झोप लागत नाही. चालक हे पात्र त्यात बहुधा नसतेच. असले तर पळून गेलेले असते. वर्षानुवर्षे आम्ही हे निबंध तपासले, दहापैकी सात गुण दिले आणि मुलांना एक दृष्टी शिकवली : वेग हा नेहमी दुसऱ्याचा असतो, आपण पाहणारे.

मराठी मध्यमवर्गाच्या बाबतीत हे एके काळी खरेही होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून आमच्या भागाचा वेग रेल्वेने ठरवला. आपण डब्यात बसलेले, गाडी हाकणारा कोणी वेगळाच. आमच्याकडच्या कथा-कवितांनी लोकलची गर्दी, फलाट, खिडकीची जागा बारकाईने टिपली. सुकाणू हातात असलेल्या माणसाचे मन टिपण्याची त्यांना गरज पडली नाही. आता पडली आहे. डब्यातल्या प्रवाशांची नातवंडे चालकाच्या जागेवर बसली आहेत आणि त्यांच्याजवळ त्या जागेची भाषा नाही. आहे ती आकड्यांची, किंवा आमच्याकडून मिळालेली ‘चंगळवादा’ची. पहिली भाषा वेग विकते, दुसरी फक्त नाक मुरडते. पायाखालच्या ताकदीचे काय करायचे, हे दोहोंपैकी एकही सांगत नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. शासनाकडे : ठरावीक अश्वशक्तीच्या पुढच्या गाडीसाठी वेगळा परवाना असावा आणि तो बंदिस्त धावपट्टीवर, तज्ज्ञ शिक्षकाच्या देखरेखीखाली काही तास गाडी चालवून, थांबवून दाखवल्यावरच मिळावा. चेन्नईजवळ, कोइमतूरला, ग्रेटर नोएडात अशा धावपट्ट्या आहेत. कोटीची गाडी घेणाऱ्याला तिथवर जाणे परवडते. विक्रेत्यानेही तो परवाना पाहिल्याशिवाय किल्ली देऊ नये.

दुसरी मागणी आमच्या स्वतःकडे आणि आमच्यासारख्या इतर शिक्षकांकडे. नलोपाख्यानात रथ कुंडिनपुरात शिरतो तेव्हा दमयंती अंतःपुरात असते. रथ तिला दिसत नाही. केवळ घोष ऐकून ती म्हणते की हा नलच असावा. रथाच्या आवाजावरून सारथी ओळखू यावा, अशी ही संस्कृती होती. आज डोंबिवलीच्या रस्त्यावर रात्री अकराला जो घोष ऐकू येतो, त्यावरून फार तर गाडीची किंमत ओळखता येते. हे अंतर वर्गात समजावून सांगणे आमच्या हातात आहे. येत्या सत्रात प्रथम वर्षाच्या मुलांना आम्ही ‘मी पाहिलेला अपघात’ देणार नाही. विषय असेल ‘गाडी मी चालवत होतो’. लिहिणाऱ्याने गाडीत बसायचे, वेग किती ते सांगायचे, समोर काय दिसले आणि केव्हा दिसले ते सांगायचे, आणि पळून जायचे नाही. शब्दमर्यादा घालणार नाही.