तेल्याला रोपवाटिकेच्या दारातच अडवा

कोलशेत किंवा डोंबिवलीच्या हातगाडीवरच्या ‘भगवा’ डाळिंबावर तेलकट काळा डाग सहसा दिसत नाही, कारण तडकलेले, डागाळलेले फळ सांगोला-आटपाडीच्या बागेतच टाकून द्यावे लागते. या डागाच्या जिवाणूजन्य रोगाने, तेल्याने, गेल्या वीस वर्षांत राज्यातल्या कितीतरी डाळिंब बागा उपटायला लावल्या. त्याला कारण असलेल्या झँथोमोनास जिवाणूचा जनुकक्रम चंडीगडच्या ‘इमटेक’ या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्येच प्रसिद्ध केला. तरीही बागायतदाराच्या हाती मुख्यतः बोर्डो मिश्रण आणि स्ट्रेप्टोसायक्लिनच आहे. या जनुकक्रमाचा खरा उपयोग फवारणीच्या कितीतरी आधी, रोपवाटिकेत व्हायला हवा. पावसाचे थेंब आणि छाटणीची कात्री यांनी तेल्या बागेत पसरतो. नव्या गावात मात्र तो बहुधा रोपांबरोबर शिरतो. गुटी कलम वरून हिरवेगार दिसते आणि जिवाणू आत लपलेला असू शकतो. जिवाणूच्या डीएनएची खूण शोधणारी पीसीआर चाचणी तो पकडते, आणि नेमकी कोणती खूण शोधायची हे जनुकक्रमावरून ठरते. लिंबावरच्या खैऱ्याचा जिवाणू याचा जवळचा नातलग असल्याने ही खूण काटेकोर हवीच.

रोग कुठून आला, हेही जनुकक्रमावरून कळू शकते. वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूचा जनुकक्रम जगात प्रथम उलगडला तो ब्राझीलमध्ये, २००० साली. झायलेला नावाचा तो जिवाणू संत्र्याच्या बागांचे नुकसान करत होता, आणि त्या कामात संत्रा बागायतदारांच्या संस्थेनेही पैसा घातला. पुढे २०१३ मध्ये इटलीच्या पुलियात झायलेलाने ऑलिव्हची झाडे वाळू लागली, तेव्हा जनुकक्रम ताडून पाहिल्यावर त्याचा माग मध्य अमेरिकेपर्यंत, कोस्टारिकाच्या दिशेने गेला. तेल्या आपल्याकडे कोणत्या वाटेने फिरतो, हेही असेच शोधता येईल.

जनुकक्रमाने झाड बरे होत नाही, हा आक्षेप खरा आहे. बागेची स्वच्छता, झाडांना विश्रांती, पावसाळी मृग बहार टाळणे याला पर्याय नाही. पण एवढे करूनही रोगट कलम लावले, तर सारी मेहनत पाण्यात जाते. खर्चाचे म्हणाल, तर प्रत्येक रोपाचा जनुकक्रम कुणीच मागत नाही. ज्यांची कलमे घेतात त्या मातृवृक्षांची ठरावीक काळाने पीसीआर, आणि नव्या उद्रेकातल्या मोजक्या नमुन्यांचा जनुकक्रम, एवढे पुरे. स्ट्रेप्टोसायक्लिनमधले, माणसाच्या क्षयरोगावर वापरले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन झाडांवर ओतत राहण्याची किंमत याहून मोठी आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्याच्या शेतीतील वापरावर बंदीचा मसुदा काढला तो याच काळजीने. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्याच्या देखरेखीखाली तपासलेल्या मातृवृक्षांशिवाय राज्यात कुणालाही डाळिंबाचे कलम विकता येऊ नये.