ब्रूटसचा खंजीर आणि आपला राग

नथुरामचे उदात्तीकरण करणारे एक वाक्य हमखास ऐकवतात : त्याचे गांधींशी वैयक्तिक वैर नव्हते, जे केले ते देशासाठी केले. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाने तेच रंगमंचावरून सांगितले आणि टाळ्या घेतल्या. मनुवादी छावणीकडून आमची दुसरी अपेक्षाही नव्हती. काळजी आहे ती आपल्या पोरांची. बुटीबोरी एमआयडीसीतली पाळी संपवून टपरीवर बसलेला आपला तरुण खैरलांजीचा विषय निघाला की म्हणतो, असल्या पुढाऱ्यांना एकदाचे उडवलेच पाहिजे. राग खरा आहे. २९ सप्टेंबर २००६ ला एकाच घरातली चार माणसे मारली गेली, तो दिवस आम्हीही विसरलेलो नाही. पण युक्तिवाद तोच नथुरामचा आहे.

खरे तर तो त्याच्याही आधीचा. शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मधला ब्रूटस रात्री एकटाच विचार करतो. सीझरशी आपले वैयक्तिक भांडण नाही, आजवर त्याने विवेक सोडलेला दिसला नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. मग मारायचे कशासाठी? तर उद्या मुकुट मिळाला तर तो बदलेल म्हणून! न घडलेल्या गुन्ह्याला आजच देहदंड. आणि ज्या जनतेच्या नावाने हे करायचे, तिला कोणी विचारले?

पुढे काय होते तेही बघा. ब्रूटसचे भाषण ऐकून गर्दीतला एक जण ओरडतो, आता यालाच सीझर करा. थोड्याच वेळात अँटनी बोलतो आणि तीच गर्दी सिन्ना नावाच्या कवीला फाडून टाकते, कारण कटातल्या एकाचे नावही सिन्ना. ३० जानेवारी १९४८ नंतर महाराष्ट्रात नुसत्या आडनावावरून घरे जाळली गेली. मारेकऱ्याचा हिशोब भलत्यांनीच चुकवला. रोमचे प्रजासत्ताक काही वाचले नाही. सीझर गेला आणि त्याच्या वारसाचे साम्राज्य आले.

गांधींविरुद्ध सर्वात मोठी तक्रार कोणाची होती? बाबासाहेबांची. ऑगस्ट १९३२ मध्ये मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ गांधींच्या उपोषणापुढे सोडावे लागले. २४ सप्टेंबरला पुणे करारावर सही करून त्यांनी गांधींचा जीव वाचवला, आणि १९४५ मध्ये काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांचे काय केले याचा हिशोब पुस्तकात मांडला. वैर लेखणीने लढले, लपवले नाही. बुटीबोरीहून एका दिशेला दीक्षाभूमी आहे, दुसऱ्या दिशेला सेवाग्राम. आम्ही दीक्षाभूमीचे. सेवाग्रामशी आमचे मतभेद आजही कायम आहेत, पण पंचशीलातले पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे आणि त्यात नावडत्या नेत्याचा अपवाद नाही.

नथुरामला १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फाशी झाली. दहाच दिवसांनी बाबासाहेब संविधान सभेत बोलले. संविधानाचे मार्ग खुले असताना रक्तपाताचा मार्ग सोडा, हे आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीला हुकूमशाहीकडे नेणारी वाट म्हटले, ते मात्र सोयीने गाळतो. ब्रूटसला त्यांनी जागा ठेवली नाही, तशी सीझरलाही नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जड जाते. वाढदिवसाचे फ्लेक्स आपणच लावतो, प्रश्न विचारणाऱ्याला गद्दार आपणच ठरवतो, आणि नेता विकला गेला की उडवण्याची भाषाही आपणच करतो. खंजीर राहू द्या. पुढच्या बैठकीत उभे राहून जयंतीच्या वर्गणीचा हिशोब मागा, आणि कोण कोण खाली बसायला सांगतो ते बघा.