जुन्या गाडीत रेडिओ कोणता बसवावा?



केडगावच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेली १९६५ सालची अँबॅसॅडर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कितीतरी वर्षे उभी होती. यंदा मुलाने ती बाहेर काढली, इंजिनाचे काम केले, रंग दिला. आता रेडिओ बसवायचा आहे. मिस्त्री म्हणतो, "डॅशबोर्ड कापून पडद्याचा नवा संच बसवून देतो." मुलालाही तेच हवे आहे. म्हातारे वडील मात्र म्हणतात, "त्या वेळी होता तसा लावा, नाहीतर काहीच लावू नका." घरात दोन तट पडले आहेत, तेव्हा काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी आपल्या भागात जुनी जीप, अँबॅसॅडर किंवा फियाट बाळगून असलेली घरे पुष्कळ आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, डॅशबोर्ड कापू नका. स्क्रूने बसवलेली वस्तू उद्या काढता येते. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि त्या सालचा चांगला डॅशबोर्ड शोधायला गेलात तर रेडिओच्या कितीतरी पट खर्च येईल. मिस्त्रीला तासाभराचे काम वाटते, पण नुकसान कायमचे होते.

दुसरी गोष्ट, गाडीचे साल पाहून रेडिओ निवडा. लष्करी घडणीच्या जुन्या विलीज जीपला साधा पत्र्याचा डॅशबोर्ड असे, त्यात गाण्याच्या रेडिओला जागाच नव्हती. अशा जीपमध्ये काही न बसवणे हेच मूळ रूप. हौस असेल तर कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर जवळ ठेवावा. साठच्या दशकातल्या अँबॅसॅडरला किंवा फियाटला दोन बटणांचा, मधे आकड्यांची काच असलेला, मिडियम वेव्हचा संच शोभतो. पुष्कळ गाड्यांत तो डॅशबोर्डखाली पट्टीला टांगलेला असे. कॅसेटचा संच १९८० च्या आसपासच्या प्रीमियर पद्मिनीत योग्य दिसेल, १९६५ च्या गाडीत नाही.

मोटारीत रेडिओ बसवण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्यालाच मोटोरोला हे नाव दिले आणि पुढे कंपनीही त्याच नावाने ओळखली गेली. ते संच व्हॉल्व्हचे होते. बॅटरीचा दाब वाढवायला त्यांत थरथरणारा व्हायब्रेटर असे आणि ते बॅटरी भराभर खात. ट्रान्झिस्टर आल्यावर संच लहान झाला आणि वीजही थोडी लागू लागली. म्हणून साठच्या दशकातल्या गाडीला ट्रान्झिस्टरचाच संच घ्यावा. काळालाही धरून होतो आणि बॅटरीलाही झेपतो.

आता वडिलांच्या आग्रहाविषयी. तो नुसता हट्ट समजू नये. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली त्याच केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत मंडळी रेडिओभोवती बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. नगर जिल्हाही त्या प्रयोगात होता. पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू झाली. त्या काळी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत. ज्या पिढीने रेडिओ असा जपून ऐकला, तिला गाडीतला रेडिओ परक्या रूपात पाहवत नाही. त्यांना आधी विचारा, रेडिओ कुठे होता, कसा होता. डॅशबोर्डखाली स्क्रूची जुनी भोके आहेत का, पुढच्या मडगार्डवर एरियलचे बुजवलेले भोक आहे का, ते पाहा. घरातले जुने फोटो काढा. तो तपास विकत मिळणाऱ्या माहितीपेक्षा खरा असतो.

मात्र मुलाचेही एक म्हणणे बरोबर आहे. रेडिओ नुसता दिसायला नको, वाजायलाही हवा. नगरचे आकाशवाणी केंद्र एफ.एम.वर आहे आणि साठच्या दशकातल्या मिडियम वेव्हच्या संचावर एफ.एम. येत नाही. आपल्या देशात एफ.एम. प्रक्षेपण प्रथम सुरू झाले तेच १९७७ साली, मद्रासला. तेव्हा पैसे देण्याआधी एक सोपी परीक्षा करा. घरातला किंवा शेजारचा साधा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हला लावून सकाळी, दुपारी आणि रात्री अंगणात ऐकून पाहा. दिवसा जे केंद्र स्वच्छ येईल तेच गाडीत येईल. रात्री लांबची केंद्रे येतात, त्यावर हिशेब बांधू नका. हीच परीक्षा गाडीच्या आत करू नका. पत्र्याच्या पेटीत ट्रान्झिस्टरच्या आतल्या एरियलला लहरी नीट मिळत नाहीत. म्हणून तर गाडीच्या रेडिओला बाहेर एरियल लागते.

अंगणात मिडियम वेव्ह नीट येत नसेल, तर दोघांचेही समाधान होईल असा मार्ग आहे. समोर जुना संच बसवा. एफ.एम.चा आणि मोबाईलवरची गाणी वाजवणारा छोटा संच हातमोज्याच्या कप्प्यात ठेवा आणि स्पीकरसाठी एक बदलबटण लावा. काही कारागीर जुन्या संचाच्या पोटातच नवा भाग बसवून देतात. तसे केलेत तर काढलेले जुने भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून जपून ठेवा.

खरेदीसाठी पुण्याचा जुना बाजार, जो रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि मुंबईचा चोर बाजार ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत. तिथे जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, संच किती व्होल्टचा आहे ते पाहा. सहाचा संच बाराच्या गाडीला लावला तर जळेल.

दोन, काचेवर 'किलोसायकल' लिहिले असेल तर संच सहसा जुन्या काळचा. 'किलोहर्ट्झ' ही भाषा नंतर रुळली.

तीन, संच बॅटरीवर फ्यूज लावून वाजवून दाखवा म्हणावे. नुसता दिवा लागला म्हणजे रेडिओ चालला असे नाही. फक्त घरघर असेल तर बहुधा आतले कंडेन्सर सुकलेले असतात. जाणता कारागीर ते थोडक्यात बदलतो. पण काच फुटलेली किंवा बटणे हरवलेली असतील तर घेऊ नका, कारण तेच भाग मिळत नाहीत.

चार, मूळ स्पीकर किती ओहमचा होता ते पाहून तेवढ्याच ओहमचा घ्या. स्पीकर न जोडता संच चालू करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक, म्हणजे पॉझिटिव्ह, सांगाड्याला जोडलेले सापडते. अँबॅसॅडर ही मॉरिसच्या घराण्यातली. कित्येकांनी पुढे जोडणी बदलून घेतली, म्हणून अंदाज करू नका, बॉनेट उघडून बॅटरीची जाड तार कुठे जाते ते पाहा. अलीकडचे संच आणि मोबाईलचे चार्जर ऋण टोक सांगाड्याला असलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. उलट गाडीत त्यांचे धातूचे अंग पत्र्याला टेकले की थेट शॉर्ट होतो. वायर पेटून गाडी जाऊ शकते. जोडणी बदलायची तर नुसती बॅटरी उलटी करून भागत नाही. कॉईलच्या तारा बदलाव्या लागतात आणि डायनामोलाही नव्या दिशेची सवय करून द्यावी लागते. हे जाणकाराकडूनच करून घ्या.

रेडिओच्या तारेत स्वतंत्र फ्यूज हवाच. आणि विजेचा हिशेब करा. जुन्या डायनामोचा पुरा जोर सुमारे वीस-बावीस अँपिअर, तोही गाडी वेगात असताना. हळू इंजिनावर तो जवळजवळ काहीच देत नाही. ४५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतात. त्यावर मोठा अँप्लिफायर चढवलात तर लग्नाच्या वरातीनंतर गाडी ढकलावी लागेल. जुना ट्रान्झिस्टर संच मात्र यात सहज सामावतो.

इंजिन सुरू होताच रेडिओत कटकट ऐकू आली तर संचाला दोष देऊ नका. प्लगच्या तारेत सप्रेसर आणि कॉईल व डायनामोला कंडेन्सर लावला की ती बरीच कमी होते. एरियल बसवताना खालचा रंग थोडा खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट कसा, आणि वरून ग्रीस लावा म्हणजे गंज चढणार नाही.

शेवटी कायद्याचे. २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी, जिच्या सांगाड्यात, बॉडीत आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. रेडिओचे नाव त्यात नाही. पण अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. नेप्तीच्या कांदा बाजाराला याच गाडीने जाणार असाल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून निर्णय घ्या.

केडगावच्या वाचकांना म्हणून एवढेच सांगणे आहे. वडील अजून सांगू शकतात तोवर त्यांना गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा, रेडिओ कुठे आणि कसा होता ते विचारा आणि मुलाला ते वहीत लिहून घ्यायला लावा. संच त्यानंतर शोधायला निघा.

पुढील वेळी डायनामोचे ब्रश आणि पट्टा घरच्या घरी कसे तपासावेत ते पाहू.