रिस्लेची मोजपट्टी आपल्या हातात कशाला?

'ब्राह्मण परके आहेत, हे डी.एन.ए.ने सिद्ध झाले!' या वाक्याला आपल्या शिबिरांत हमखास टाळ्या पडतात. बाबासाहेबांनी याबद्दल काय लिहून ठेवले आहे, हे मात्र वक्त्याला कुणी विचारत नाही. म्हणून आधी एक-दोन शब्द नीट समजून घेऊ.

शारीरिक मानवशास्त्रात 'नासिका निर्देशांक' म्हणून एक माप आहे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि १००ने गुणायचे. उत्तर ७०च्या खाली आले तर नाक अरुंद, ८५च्या वर गेले तर रुंद. 'शीर्ष निर्देशांक' तसाच, डोक्याच्या रुंदी-लांबीचा. एवढेच! पण १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाच्या मापावरून जातीची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची! आर्यत्वाचा टेंभा मिरवणाऱ्यांना हे विलायती शास्त्र गोड लागले, यात नवल ते काय?

बाबासाहेबांनी ही मापे झिडकारली नाहीत, तपासली. १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांच्या विश्लेषणाचा आधार घेतला, प्रांताप्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची नाके ताडून पाहिली आणि निष्कर्ष काढला की दोघांचा वंश एकच. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. मनुवाद्यांच्या हातातले हत्यार त्यांनी त्यांच्यावरच उलटवले.

आणि आपण? २००१ साली मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांनी आंध्रातील जातींचा अभ्यास करून वरच्या जातींचे युरोपीयांशी अधिक साम्य दाखवले. शिबिरात तेवढेच सांगितले जाते. २०१३ साली हैदराबादच्या सी.सी.एम.बी.चे आणि हार्वर्डचे शास्त्रज्ञ मिळून काय म्हणाले, ते राहून जाते. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशात दोन प्राचीन समूहांची मोठी सरमिसळ झाली. तिचे प्रमाण कुठे कमी, कुठे जास्त. पण ब्राह्मण असो की दलित, आदिवासी असो, जवळजवळ कुणीच तिच्यातून सुटलेले नाही. पुढे ही सरमिसळ थांबली, कारण लोक जातीतल्या जातीतच लग्ने करू लागले.

हे ऐकल्यासारखे वाटते ना? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमरावांनी निबंध वाचला, त्यात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे हेच सांगितले होते. तेव्हा डी.एन.ए.ची रचनाही कुणाला ठाऊक नव्हती.

वंशच वेगळा म्हटले की रिस्ले खरा ठरतो, जात निसर्गाच्या नावावर चढते आणि मनू सुटतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी 'द अनटचेबल्स'चे सातवे प्रकरण उघडावे. शासनाने काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सातव्या खंडात ते आहे. शिबिराच्या पुस्तक-टेबलावर तो खंड ठेवलेला असतोच.