गिटार विकायची घाई करू नका

मैत्रिणींनो, मुरबाडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलाने पैसे साठवून इलेक्ट्रिक गिटार आणली, लॅपटॉपला लावली आणि आवाज काय, तर पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा! सासरेबुवा म्हणतात, विकून टाका. मुलगाही हिरमुसून हो म्हणतोय.

उत्तर देण्याआधी एक कबुली देते. शहापूरला आमच्याकडेही हेच झालं होतं. लेक वाजवायला बसली की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे गं ती घरघर!" एके दिवशी तिने गिटार कपाटावर ठेवली, ती चार महिने खाली काढली नाही. दोष तिच्या हातात नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज असा फारसा नसतोच. तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात, त्याला पिकअप म्हणतात. तार हलली की त्यात अगदी क्षीण वीज उमटते. लॅपटॉपचं इयरफोनचं भोक माइकसाठी केलेलं. गिटारला जिथे दहा लाख ओहमच्या आसपासचं इनपुट लागतं, तिथे या भोकात जेमतेम काही हजार. मग सुरांचं तेजच जातं. म्हणून मधे ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते, ती यूएसबीने जोडायची. पेटीवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं असेल तीच घ्या. साधी, एका गिटारपुरती पुरे. कल्याणला विचारा, नाहीतर मुंबईत धोबीतलावला वाद्यांची दुकानं आहेतच. आणि ते 'इन्स्ट'चं बटण असेल तर दाबायला विसरू नका. आम्ही दोन दिवस विसरलो होतो!

आता त्या गांधीलमाशीकडे वळू. रॉकमधला तो फाटलेला आवाज अँप्लिफायरमध्ये मुद्दाम फाडलेला असतो. पण अँपचा मोठा स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचे सूर फारसे बाहेर सोडतच नाही. पीठ चाळणीतून यावं तसा आवाज चाळून येतो. लॅपटॉपमधल्या अँपला ही चाळणी निराळी लावावी लागते, तिला कॅबिनेट म्हणतात. ती लावली नाही की सगळा कोंडा कानात! 'न्यूरल अँप मॉडेलर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एक फाइल अँपची आणि दुसरी कॅबिनेटची भरायची, दुसरीला 'आयआर' म्हणतात. पुष्कळ मुलं पहिली भरून थांबतात. (काही फाइलींत दोन्ही एकत्र असतात, तिथे दुसरी नको.) आमच्या घरी एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडला, तो मलासुद्धा ओळखू आला, आणि मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गेनचं मात्र मिठासारखं आहे. मुलाला सगळ्यात जोरात छेडायला सांगा. पेटीवर लाल दिवा लागला तर गेन कमी करा. सॉफ्टवेअरमधला गेनही मुलं शेवटपर्यंत पिळतात, मग सुरांचा लगदा होतो. तो अर्ध्यावर आणून बघा.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो का? विंडोजवर पेटीचा स्वतःचा 'एएसआयओ' ड्रायव्हर घालून बफर 128 वर ठेवा. सेकंदाला 48000 नमुने असतील तर हा उशीर तीन मिलिसेकंदांहूनही कमी, 1024 ठेवलं तर एकवीसच्या वर. टकटक ऐकू आली तर 256 करा. ब्लूटूथचे हेडफोन नकोत, ते फार उशीर करतात. वायरचे घ्या आणि पेटीलाच लावा. सासरेबुवांची दुपारची झोपही मोडायची नाही.

नुसती गुणगुण असेल तर चार्जर काढून, ट्यूबलाइटपासून दूर सरकून, गिटार जरा फिरवून बघा. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर वाजवणं तिथेच थांबवा. हे हसण्यावारी नेऊ नका. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. आमच्या बोर्डाला भोकं तीन होती, पण अर्थची तार तिथवर आलीच नव्हती! तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये कसाबसा कोंबण्याची सवय तर आजच मोडा.

आपल्याकडच्या पावसात तारा लवकर गंजतात आणि आवाज मंद होतो. वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या कोरड्या तुकड्याने पुसायला लावा.

तर मुरबाडच्या ताई, आधी ती कॅबिनेटची फाइल भरलेली आहे का ते मुलाला बघायला सांगा. त्याला पैसा पडत नाही. पेटीचं त्यानंतर बघू. काय झालं ते मला जरूर लिहा.